तेरा युनिटं, एक गटार आणि ओव्हरफ्लोचा पाईप: पंचगंगेकाठचं एक प्रकरण

आधीच सांगतो, माणसांची नावं, युनिटांची नावं, गल्ली, सगळं काढून टाकलंय. नदीचं आणि गावाचं नाव मात्र लपवत नाही, पंचगंगा आणि इचलकरंजी. काम होतं कापडाच्या धंद्यातली तेरा युनिटं गटारीतून नदीत सोडत असलेल्या घाण पाण्याचं, आणि मी त्यात टेक्निकल माणूस म्हणून होतो, म्हणजे सॅम्पल घेणं, नकाशा काढणं, टाकीचं गणित करणं आणि मीटिंगमध्ये दोन्ही बाजूंच्या शिव्या खाणं. चुका बऱ्याच माझ्याच आहेत, त्या त्या ठिकाणी लिहितोच.

पार्श्वभूमी

पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती. प्रयाग चिखलीला संगम होतो, मग कोल्हापूर, मग खाली इचलकरंजी, मग शिरोळ तालुक्यातली गावं आणि शेवटी नरसोबाच्या वाडीला कृष्णेत. वाटेत कोल्हापूरचे जयंती, दुधाळीसारखे नाले, साखर कारखाने, एमआयडीसी, आणि इचलकरंजीत आलं की काळा ओढा. नाव काळा, पण रंग कापडाच्या ऑर्डरप्रमाणे. लग्नसराईत तांबडा, शाळेच्या युनिफॉर्मच्या सीझनला निळा.

बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांच्या एक गोष्ट लक्षातच येत नाही, ती म्हणजे ही नदी पावसाळा सोडला तर वाहतच नाही. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, पावसाळा संपला की बरगे, म्हणजे बंधाऱ्याच्या गाळ्यांत बसवायच्या फळ्या, घालतात आणि पाणी अडवतात, त्यामुळे दिवाळीपासून मेपर्यंत नदी म्हणजे एकापाठोपाठ एक तळी. राधानगरी धरणातून पाणी सोडलं की थोडी हलते. त्यामुळे गटारीतून आलेलं पाणी वाहून जात नाही, बंधाऱ्याच्या मागं मुरत बसतं, वर केंदाळ (जलपर्णी) माजतं, आणि एखाद्या दिवशी वरचे बरगे काढले की तो सगळा काळा लोंढा एकदम खाली येतो. मग तेरवाडच्या बाजूला मेलेले मासे, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो.

२०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, हजारो लोक आजारी पडले, माणसं दगावली. ती आली पिण्याच्या पाण्यात मैला मिसळल्यामुळं, रंगामुळं नाही, पण त्या साथीनंतर नदीचा विषय कोर्टात, कलेक्टर ऑफिसात, चहाच्या गाड्यावर सगळीकडं आला आणि बोट कापड रंगवणाऱ्या प्रोसेसवाल्यांकडं गेलं. घरातल्या संडासाकडं कुणी बोट दाखवलं नाही. आमच्या प्रकरणात हा मुद्दा पुढं भोवला.

आणि पाण्याचं राजकारण. गावाला स्वतःच्या नदीचं पाणी पुरेना, पचेना, म्हणून कृष्णेचं आणलं, मग वारणेचं आणायचं ठरलं तर २०१८ ला वारणेकाठचे दानोळीकर विरोधात रस्त्यावर उतरले, मग दूधगंगेवरची सुळकूड योजना आली तर त्या काठची गावं विरोधात उभी राहिली. एका मीटिंगला जाताना वडापमध्ये, म्हणजे शेअर जीपमध्ये, शेजारी बसलेला माणूस म्हणाला, "आमचं पाणी नेऊन त्याचंबी तसंच करणार न्हवं?" मी काय उत्तर देणार, खिडकीबाहेर बघत बसलो.

प्रॉब्लेम

आमच्या वाट्याला सगळी नदी नव्हती, एक गटार होती. काळ्या ओढ्याला मिळणारी एक उपगटार, तिच्यावर तेरा युनिटं. बहुतेक जिगरवाले, म्हणजे जिगर नावाच्या मशीनवर कापड रंगवणारे छोटे प्रोसेस, काही सूत रंगवणारे आणि दोन सायझिंग. सगळ्यांना नोटीस आली होती. मालकांनी वर्गणी काढली आणि मला बोलावलं. खरं तर त्यांना प्लॅन नको होता, नोटिशीला जोडायला रिपोर्ट हवा होता, हे मला तिसऱ्या मीटिंगला कळलं.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सायझिंगला सुताला खळ लावतात म्हणजे मागावर धागा तुटत नाही, नंतर कापड प्रोसेसला आलं की तीच खळ धुऊन काढतात, ही खळ पाण्यात गेली की कुजते आणि पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकते. मग कॉस्टिकमध्ये, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात, उकळणं, मग ब्लिचिंग, मग रंग. रंग कापडावर बसावा म्हणून जिगरमध्ये मीठ टाकतात, आणि रंगातला काही भाग तरी कापडावर बसतच नाही, तो जातो गटारीत, आणि मीठ तर सगळंच्या सगळं जातं. म्हणजे एकाच गटारीत चार वेगवेगळ्या जातीची घाण, आणि प्रत्येकीवर औषध वेगळं. खळ जिवाणू खातात. कॉस्टिकला ॲसिड लागतं. रंगाला चुना-तुरटीसारखं काहीतरी टाकून खाली बसवावं लागतं. मिठाला यातलं काहीच चालत नाही, प्लँटमध्ये जेवढं मीठ आत तेवढंच बाहेर.

आता माझी पहिली चूक. मी सॅम्पल घेतले सकाळी अकराला, आठवड्यातून एकदा, चार आठवडे. रिपोर्ट इतका गोड आला की मालक खूश. तो घेऊन आम्ही खालच्या गावातल्या शेतकऱ्यांपुढं गेलो. तिथं एक तात्या होते, उसाला नदीचं पाणी, मोटर नदीवरच, आणि त्यांच्याकडं एक वही. रोजचा पाण्याचा रंग लिहिलेला, एका शब्दात. निळं, काळं, काळं, तांबडं, काळं, फेस. कितीतरी महिन्यांचं. त्यांनी माझा रिपोर्ट उलटून पालटून बघितला आणि म्हणाले, "सायब, तुमी दिवसाउजेडी येतासा. पाणी रात्री येतंय."

त्याच आठवड्यात रात्री दोनला गटारीवर जाऊन उभा राहिलो. बॅटरी मारली तर पाण्यावर वाफ दिसली, म्हणजे जिगरमधून आत्ताच सोडलेलं गरम पाणी. बोटाला घेतलं तर साबणासारखं बुळबुळीत, कॉस्टिक असलं की असंच लागतं, आणि पीएचची पट्टी बुडवली तर गर्द जांभळी. (बोट घालू नका, मी मूर्खपणा केला, दोन दिवस कातडी निघत होती.) सकाळच्या रिपोर्टमध्ये यातलं काहीही नव्हतं. आमचा सगळा आराखडा, टाकीचा साईज, पंप, केमिकलचा खर्च, सकाळच्या आकड्यांवर उभा होता. फाडून टाकला.

लिंबांची गोष्ट

मग प्रश्न आला की कुठल्या युनिटचं पाणी नेमकं कुठून गटारीत पडतं. जुने पाईप, कुणाच्या आजोबांनी घातलेले, नकाशा कुणाकडंच नाही. अशा वेळी रंग टाकून बघतात, पण रंगाच्या गटारीत रंग टाकून काय कळणार? मी लिंबं वापरायची ठरवली, तरंगतात, स्वस्त, दिसतात. प्रत्येक युनिटच्या आतल्या चेंबरमध्ये नंबर घातलेली लिंबं सोडायची आणि खाली जाळी लावून बसायचं. काम झकास झालं, फक्त दिवस कोणता हे मी बघितलं नव्हतं. अमावस्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत बोंब, गटारीत काळे आकडे घातलेली लिंबं सापडलीत, कुणीतरी करणी केलीय. एका सायझिंगला त्या दिवशी कामगारच आले नाहीत. मालकानं वर्षभर मला ऐकवलं.

पण लिंबांनी दोन गोष्टी दाखवल्या. एक म्हणजे तीन युनिटांची लिंबं आमच्या जाळीत आलीच नाहीत, म्हणजे त्यांचं पाणी तिसरीकडंच कुठंतरी जात होतं. आणि दुसरी महत्त्वाची, जाळीत लिंबांबरोबर जे काय अडकलं ते कारखान्यातलं नव्हतं. आजूबाजूच्या वस्तीची ड्रेनेज याच गटारीत होती. संडास, मोऱ्या, सगळं. दिवसा गटारीत जे पाणी वाहतं त्यात मोठा वाटा घरांचा निघाला.

पर्याय

मीटिंगमध्ये पाच गोष्टी पुढं आल्या, त्यातल्या दोन लगेच बाद झाल्या. केंदाळ काढायचं आणि गटारीत जिवाणूंचं पावडर टाकायचं, हे एका सप्लायरनं सुचवलं होतं, कॉस्टिकच्या पाण्यात त्याचे जिवाणू किती मिनिटं जगतील असं विचारल्यावर तो परत आला नाही. दुसरं, ओढ्याच्या तोंडालाच सगळं पाणी अडवून पंपानं मैलापाण्याच्या प्लँटला न्यायचं. ऐकायला सोपं, फोटोलाही छान, पण प्लँटच्या टाकीतले जिवाणू रात्रीच्या एका कॉस्टिकच्या झटक्यानं मरतात आणि परत वाढवायला आठवडे जातात, म्हणजे रंगाचं पाणी साफ होत नाहीच, घरचंही बिघडतं.

तिसरा पर्याय तिरुप्पूरचा. एका तरुण मालकानं तिथं जाऊन बघितलं होतं. तिथं नोय्यल नदीची अशीच वाट लागली, खाली ओरथुपालयम धरणात रंगाचं पाणी साठलं, शेती खारावली, शेवटी २०११ च्या जानेवारीत मद्रास हायकोर्टानं डाईंग युनिटं बंद करायला लावली आणि थेंबही बाहेर सोडायचा नाही या अटीवर उघडली. पाणी आरओतून काढायचं, उरलेलं खारं पाणी आटवायचं, मीठ परत वापरायचं. मिठावर खरा इलाज हा एकच आहे हे मी तेव्हाही म्हणालो. पण तिथला माल एक्स्पोर्टचा, इथला जॉबवर्कचा. कापड व्यापाऱ्याचं, रंग त्यानं सांगितलेला, प्रोसेसवाल्याला मीटरला ठरलेला रेट, आणि तो रेट दहा पैसे वाढवला तर व्यापारी शेजारच्या युनिटला जातो. कागदावर प्रदूषण करणारा प्रोसेसवाला, कापडाचा मालक कुठंच नाही. हा मुद्दा मी रिपोर्टात घातला होता, कुणीतरी तो परिच्छेद काढला.

उरले दोन. तेरा जणांचा स्वतःचा छोटा प्लँट, किंवा वेगळा पाईप टाकून आधीच असलेल्या कॉमन प्लँटला, म्हणजे सीईटीपीला, जोडायचं. छोट्या प्लँटला जागा नव्हती आणि चालवायला माणूस कोण ठेवणार यावर दोन तास भांडण झालं. म्हणून पाईप.

इथं खरा निर्णय होता तो वेगळाच. आधी पाईप टाकायचा की आधी पाणी वेगळं करायचं? मालकांचं म्हणणं, पाईप टाका, नोटीस मिटेल. माझं म्हणणं, संडासाचं आणि रंगाचं पाणी एकाच पाईपात घातलं तर प्लँटवाले घेणार नाहीत, आणि घेतलं तरी वस्तीच्या पाण्याचे पैसे तुम्ही भरणार. पैशाचा मुद्दा काढल्यावर सगळे गप्प. आधी वेगळं करायचं ठरलं. नदीसाठी नाही ठरलं, बिलासाठी ठरलं, ठीक आहे.

काय केलं

आतली कामं पहिली. मोठ्या तीन युनिटांनी कॉस्टिकचं पाणी गोळा करून परत उकळायला वापरायला सुरुवात केली, यात त्यांचे पैसेच वाचले, तेव्हा पटवायला लागलं नाही. सायझिंगवाल्यांनी उरलेली खळ धुऊन गटारीत घालवायच्या ऐवजी टाकीत काढायची. मग रंगाच्या पाण्याची वेगळी लाईन, गल्लीच्या टोकाला एक इक्वलायझेशन टँक, म्हणजे रात्रीचं गरम जांभळं आणि सकाळचं फिकं पाणी एकत्र होऊन जरा सरासरीला येईल, तिथून पंपानं कॉमन प्लँटला. टाकीचा साईज यावेळी रात्रीच्या आकड्यांवरून काढला.

वर्गणी कशी घ्यायची यावर प्रकरण जवळजवळ मोडलं होतं. पाण्याच्या लिटरवर घेऊ म्हटलं तर प्रत्येकाच्या बोअरला मीटर नाही आणि लावला तर दुसरी बोअर निघते. कापडाच्या मीटरवर म्हटलं तर जीएसटी नुकताच आला होता, खरे मीटर कोण सांगणार. शेवटी एका म्हाताऱ्या मालकानं तोड काढली, जिगर मोजा. जिगर लपवता येत नाही, एवढं मोठं धूड, छताला वाफेचा डाग पडतो. जिगरमागं ठरलेली रक्कम, सूत रंगवणाऱ्यांचं भांड्याच्या साईजवर. दहा मिनिटांत मिटलं. मला तेव्हा ही आयडिया फार भारी वाटली होती, पुढं बघा.

आणि ओव्हरफ्लो. टाकी भरली, लाईट गेली, पंप बंद पडला तर पाणी रस्त्यावर येऊ नये म्हणून मी टाकीला वरच्या बाजूला एक सहा इंची पाईप दिला, जुन्या गटारीत सोडलेला. ड्रॉइंगमध्ये एक बारीक रेघ. कुणी प्रश्न विचारला नाही, मीही दुसऱ्यांदा विचार केला नाही.

काय झालं

पहिल्या पावसाळ्यापर्यंत तेरापैकी नऊ जोडले गेले. दोघांनी धंदा दुसरीकडं हलवला, कुठं ते मला सांगितलं नाही, आणि मला शंका आहे की ती घाण फक्त दुसऱ्या गटारीत गेली. दोघे "पुढच्या महिन्यात" वर राहिले. गटारीचा वास कमी झाला, पहाटेची वाफ बंद झाली, तात्यांच्या वहीत "काळं" च्या जागी अधूनमधून "बरं" यायला लागलं. २०१९ च्या महापुरात टाकीत गाळ बसला, पंपाची मोटर गेली, ती परत बसवायला लागले चार महिने, कारण वर्गणीत दुरुस्तीचा पैसा धरलाच नव्हता.

ते चार महिने सगळं पाणी ओव्हरफ्लोच्या पाईपातून गेलं. इथवर समजण्यासारखं आहे. पण मोटर बसल्यावरही वहीत आठवड्यातून दोन-तीनदा निळं आणि तांबडं. मी परत रात्री गेलो. पंप बंद, टाकी काठोकाठ, आणि माझ्याच सहा इंची पाईपातून धो धो. पंपवाल्या पोराला विचारलं तर म्हणाला, "शेठनी सांगितलंय, रात्री लाईटबिल लई येतंय." कुठल्या शेठनी ते काही बोलला नाही. कॉमन प्लँटला पाणी कमी गेलं की त्याचंही बिल कमी. म्हणजे मी सेफ्टीसाठी दिलेला पाईप हा सगळ्यांत स्वस्त विल्हेवाटीचा मार्ग झाला होता, आणि तो ड्रॉइंगमध्ये मंजूर असल्यामुळं बेकायदेशीरही म्हणता येईना.

जिगरमागं वर्गणीचंही तसंच उलटलं. एका युनिटनं पाणी वाचवायला नवीन मशीन घेतलं, पाणी निम्म्यावर आणलं, तरी त्याची वर्गणी तेवढीच. दुसऱ्याच्या जुन्या जिगरचे नळ दिवसभर उघडे, तोही तेवढंच भरणार. वर्षभरात पहिल्यानं विचारलं, मग मी का केलं हे? माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आणि मीठ. ते पहिल्यासारखंच नदीत जातंय, सीईटीपीतून साफ होऊन आलेल्या पाण्याबरोबर. विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला २१०० मिलिग्रॅम आहे, रंगाच्या टबातलं पाणी मिसळलं की ती पाळणं अवघड, आणि नदी वाहत नसल्यामुळं ते खालीच साचतं. तात्यांच्या वहीत मीठ दिसत नाही, मिठाला रंग नसतो. त्यांच्या उसात दिसतंय, मळीतल्या, म्हणजे नदीकाठच्या रानातल्या, पानांची टोकं करपलेली.

परत करायचं झालं तर

सॅम्पल पहिल्या दिवसापासून रात्री, सुट्टीच्या आदल्या दिवशी आणि बरगे काढायच्या तारखेला. आणि बरगे कधी काढणार हे विचारायला पाटबंधारेवाला माणूस मीटिंगमध्ये हवा होता, आम्ही त्याला कधी बोलावलंच नाही. टाकी केवढीही बांधली तरी लोंढा कधी येणार हे तोच ठरवतो.

शेतकऱ्यांना आम्ही रिपोर्ट तयार झाल्यावर भेटलो, ते उलटं हवं होतं. तात्यांची वही आधी बघितली असती तर माझे चार आठवडे आणि मालकांचे लॅबचे पैसे वाचले असते. आता मी कुठल्याही कामाला गेलो की खालच्या गावात अशी वही कुणाकडं आहे का ते पहिल्यांदा विचारतो, बहुतेक ठिकाणी असते.

ओव्हरफ्लो दिला असता, पण गटारीत नाही, मागं, म्हणजे टाकी भरली की पाणी युनिटांच्याच चेंबरमध्ये तुंबेल असा. जिगरखाली पाणी साचलं की मालक रात्री दोनला स्वतः पंप चालू करायला येतो. हे मला एका गवंड्यानं सांगितलं, टाकी बांधून झाल्यावर.

वर्गणी जिगरवरच, पण अर्धीच. उरलेली टाकीत येणाऱ्या पाण्यावर, प्रत्येक युनिटच्या पाईपला टाकीच्या तोंडाशी मीटर, बोअरला नाही. बोअर लपते, टाकीत पडणारा पाईप सगळ्यांसमोर असतो. वस्तीच्या ड्रेनेजचं मात्र अजूनही कुणाला काय करायचं ते ठरवता आलेलं नाही, घरं तिथंच आहेत, गटार तीच आहे, आणि तो खर्च तेरा मालकांनी का करावा यावर मलाही त्यांच्याशी भांडता येत नाही.

ओव्हरफ्लोच्या पाईपला गेल्या वर्षी टोपी बसवली आणि वेल्डिंग केलं. परवा तात्यांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला, एका तारखेसमोर "पांढरं" लिहिलंय, त्यांच्या वहीत हा शब्द पहिल्यांदाच. पांढरं म्हणजे खळ, म्हणजे सायझिंग. दोन्ही सायझिंगवाल्यांना फोन केला, दोघंही शपथेवर सांगतात आमची खळीची टाकी अजून भरलेलीच नाही. एक तर दोघांतला एक खोटं बोलतोय, नाहीतर गटारीवर चौदावं युनिट आहे. परत लिंबं सोडायची ठरलंय, तारीख कॅलेंडर बघून काढलीय, तरी त्या सायझिंगच्या मालकानं आत्ताच सांगून ठेवलंय की लिंबं नकोत, प्लास्टिकचे बॉल आणा, पैसे मी देतो.